गोठवलेली बेगमी : वीज जाते तेव्हा आणि बिऱ्हाड हलते तेव्हा

मे महिना उतरणीला लागला, की कोकणातल्या घराघरांत पावसाळ्याच्या बेगमीची जी लगबग सुरू होते, तिच्यात सुकी मासळी, आमसुले, फणसपोळी, आंबापोळी आणि सांडगे-पापड यांच्या जोडीला गेल्या काही दशकांत एका नव्या साठ्याची भर पडली आहे. उन्हाऐवजी थंडीच्या आधाराने टिकवलेल्या अन्नाचा हा साठा आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, म्हणून ती सुरू होण्यापूर्वीच सुरमईच्या तुकड्या आणि सोललेली कोलंबी पिशव्यांत बांधून ठेवायची. हापूसचा हंगाम संपता संपता उरलेल्या फळांचा रस काढून डबे भरायचे. नारळ खवून, मटार सोलून, जे जे पुढे दुर्मिळ होणार ते ते आजच गोठवून टाकायचे, असा आता अनेक घरांचा परिपाठ झाला आहे. दापोली तालुक्यातल्या एका परिचित घरी मेअखेरीस पाहिलेला आडवा फ्रीझर या दृष्टीने नमुनेदार होता : तळाशी मासळीच्या पिशव्या, त्यांवर रसाचे चौकोनी डबे एकाला एक भिडवून लावलेले, डब्यांच्या फटींतून खोबऱ्याच्या चपट्या पुड्या सारलेल्या, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर प्रत्येक जिनसाची तारीख व शिल्लक नग सुवाच्य अक्षरांत टिपलेले. वर्षभराच्या खटाटोपाचा तो जमाखर्चच होता.

परंतु ज्या पंधरवड्यात ही पेटी काठोकाठ भरते, नेमक्या त्याच पंधरवड्यात तिला जगवणारी वीज सर्वांत बेभरवशाची असते, ही गोष्ट आपण पुरेशा गांभीर्याने ध्यानात घेत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळले, तेव्हा विजेचे खांब इतक्या मोठ्या संख्येने उन्मळून पडले, की रायगडातल्या आणि दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे अंधारात काढावे लागले. पुढल्याच वर्षी मेच्या मध्यावर तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर सरकत गेले आणि पुन्हा तोच प्रसंग ओढवला. अशा वेळी माणसांचा जीव आणि डोक्यावरचे छप्पर यांपुढे फ्रीझरातल्या रसाची काय मातब्बरी, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. मात्र वादळ ओसरल्यावर जेव्हा दुकाने बंद असतात, रस्ते झाडांनी अडलेले असतात आणि घरात माणसे जास्त असतात, तेव्हा हाताशी असलेले सुरक्षित अन्न कोणते आणि आजारास कारण होणारे कोणते, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही. शिवाय वादळ नसले तरी भारनियमन, रोहित्र जळणे, दुरुस्तीसाठी दिवसभर पुरवठा बंद राहणे हे प्रकार महाराष्ट्राच्या कोणत्याही भागाला अपरिचित नाहीत.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे, की फ्रीझर थंडी निर्माण करीत नाही. तो आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो, आणि भिंतींतून सतत झिरपत येणारी उष्णता उपसण्याचे हे काम वीज जाताच थांबते. त्यानंतर आतले अन्न किती काळ टिकेल हे केवळ दोन गोष्टींवर अवलंबून असते : भिंतींतला फेसाळ प्लॅस्टिकचा थर उष्णतेला किती अडवतो, आणि आत शिरलेली उष्णता पचवण्यासाठी किती बर्फ शिल्लक आहे. यांतील दुसऱ्या गोष्टीचे मर्म स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक याने १७६० नंतरच्या दशकात उलगडून दाखवले. बर्फाला उष्णता दिली, की तो शून्य अंशापर्यंत तापत जातो. पण शून्यावर पोहोचल्यानंतर उष्णता देत राहिले तरी सगळा बर्फ वितळेपर्यंत तापमान जागचे हलत नाही, कारण ती सारी उष्णता वितळण्याच्या कामी खर्च होते. उणे १८ अंशांवरचा एक ग्रॅम बर्फ शून्य अंशापर्यंत आणण्यास सुमारे ९ कॅलरी पुरतात. मात्र शून्य अंशावरच्या त्याच एका ग्रॅम बर्फाचे शून्य अंशावरचेच पाणी होण्यास सुमारे ८० कॅलरी लागतात. म्हणजे फ्रीझरातल्या थंडीची खरी ठेव, तिजोरीतल्या मुदलाप्रमाणे, उणे अंशांत नसून गोठलेपणात असते. तापमापकावरचे आकडे हे त्या ठेवीवरचे थोडेसे व्याज होय.

हे एकदा पटले, म्हणजे जाणकार मंडळी जे ठोकताळे सांगतात त्यांची उपपत्ती आपोआप लागते. गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीझर, झाकण न उघडल्यास, अन्न सुमारे ४८ तास सुरक्षित राखतो. तोच अर्धा रिकामा असेल तर सुमारे २४ तास. आणि फ्रीजच्या खालच्या, न गोठवणाऱ्या कप्प्यातले अन्न जेमतेम ४ तास. फ्रीजच्याच डोक्यावर असणारा लहान गोठवणकप्पा स्वतंत्र फ्रीझराइतका टिकाव धरील ही अपेक्षा करू नये. त्याच्या भिंतींतला रोधक थर पातळ असतो आणि आतला साठाही थोडा. कोकणातल्या जून महिन्याच्या उकाड्यात या मुदती आणखी आखूड धरलेल्या बऱ्या.

म्हणून पहिला उपाय अगदी बिनखर्ची आहे : फ्रीझरात जी जागा मोकळी असेल ती पाण्याच्या बाटल्यांनी भरून टाकावी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, यास्तव बाटलीचा दहावा हिस्सा रिता ठेवावा आणि काचेची बाटली मुळीच वापरू नये. दहा लिटर पाणी गोठवून ठेवणे म्हणजे आठ लाख कॅलरींची बेगमी करून ठेवणे होय. ती वितळल्यावर पिण्याच्या पाण्याचा साठा म्हणूनही उपयोगी पडते, आणि वीज नसली की नळाचे पाणीही बहुधा नसतेच. मात्र येथे एक बारकावा आहे. अन्नातल्या पाण्यात मीठ, साखर आणि इतर द्रव्ये विरघळलेली असल्यामुळे ते शून्याच्या खालीच मऊ पडू लागते. साखर घातलेला आमरस तर उणे २-३ अंशांच्या सुमारास पळीने काढण्याजोगा होतो. शुद्ध पाण्याच्या बाटल्या शून्य अंशावर वितळतात, म्हणून त्या अन्न सुरक्षित राखतात, परंतु त्याचे गोठलेपण राखू शकत नाहीत. तेही राखावयाचे असेल, तर काही बाटल्यांत लिटरभर पाण्यास ५० ग्रॅम या प्रमाणात मीठ घालावे. असे पाणी उणे ३ अंशांच्या आसपास गोठू लागते आणि वितळतानाही खालच्या तापमानापासूनच उष्णता शोषू लागते. याहून पुष्कळ मीठ घालण्याचा मोह टाळावा, कारण फार खारट पाणी घरगुती फ्रीझराच्या उणे १८ अंशांत धड गोठतच नाही. अशा बाटल्यांवर ठळक अक्षरांत ‘मीठ’ असे लिहून ठेवण्यास विसरू नये.

रोधक आवरणाचे सामर्थ्य किती असते याचा एक ऐतिहासिक दाखला सांगण्यासारखा आहे. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने बॉस्टनहून १८० टन नैसर्गिक बर्फ जहाजात भरून कलकत्त्यास पाठवला. चार महिन्यांचा सागरप्रवास, त्यात दोन वेळा विषुववृत्त ओलांडणे, आणि कोणतेही यंत्र सोबतीला नाही. तरीही सुमारे १०० टन बर्फ हुगळीच्या धक्क्यावर शाबूत उतरला. लवकरच मुंबईतही या अमेरिकन बर्फासाठी बर्फघर उभे राहिले. त्या जहाजात बर्फाच्या लाद्या एकमेकींना घट्ट भिडवून रचल्या होत्या आणि भोवती उष्णतारोधक द्रव्याचा जाड थर ठासला होता, युक्ती एवढीच. आपल्याकडचे बर्फवाले गोणपाटात आणि भुशात लादी गुंडाळत आले ते याच तत्त्वावर, आणि हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावर थर्माकोलच्या खोक्यात मासळी भरताना माशांचा एक थर, बर्फाच्या चुऱ्याचा एक थर, कोपऱ्यांत फट दिसली की तिथे आणखी मूठभर चुरा, अशी जी चपळ रचना होते, तिच्यातही तीच दृष्टी आहे.

वीज गेल्यावर फ्रीझरातल्या पिशव्याही अशाच एकत्र आणाव्यात, परंतु हे काम एकदाच आणि झटपट उरकावे. त्याहून बरे, वादळाची सूचना मिळताच, वीज असतानाच ते करून ठेवावे. हवामान खात्याची सूचना हल्ली दोन-तीन दिवस आधी मिळते. तेवढ्या अवधीत फ्रीझराचे बटण सर्वांत थंड खुणेवर आणावे, रिकाम्या जागी बाटल्या भराव्यात, मांस-मासळी तळाशी ठेवावी म्हणजे सुटलेले पाणी इतर जिनसांवर ठिबकणार नाही, आणि त्या दोन दिवसांत नवे कोमट अन्न आत घालण्याचे टाळावे, कारण ते गोठवण्यात जुन्या साठ्याची थंडी खर्ची पडते.

झाकण उघडण्याविषयी लोकांत एक भाबडी समजूत आढळते, ती अशी की जरासे उघडून लगेच मिटले तर काहीच बिघडत नाही. आणि दुसरी तितकीच टोकाची, की एकदा उघडले म्हणजे सर्वस्व गेले. दोन्हींतले तथ्य मध्ये कोठेतरी आहे. आडव्या फ्रीझरात थंड हवा जड असल्याने तळाशी बसून राहते, म्हणून तो उघडल्याने होणारी हानी मर्यादित असते; उभ्या फ्रीझराचे दार उघडताच मात्र ती हवा पायांवरून ओसंडून जाते. पण केवळ हवेच्या उष्णतेचा हिशोब पुरा नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत भरपूर बाष्प असते, ते आत शिरून पिशव्यांवर हिम होऊन बसते, आणि बाष्पाचे हिम होताना त्याच्यात दडलेली सारी उष्णता आतल्या साठ्याला घ्यावी लागते. ही उष्णता कोरड्या हवेच्या उष्णतेच्या बरोबरीची असू शकते. तेव्हा घातक ठरते ते चाचपत बसणे. काय काढायचे ते झाकणावरच्या यादीवरून आधी ठरवावे, आणि मगच हात घालावा.

पेटीवर गोधड्या पांघरल्याने लाभ होतो. परंतु पुष्कळ आडव्या फ्रीझरांत उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाहेरच्या पत्र्याच्याच मागे बसवलेल्या असतात, यामुळे वीज परत आल्यावर त्याच गोधड्या यंत्राचा श्वास कोंडतात. वीज नसताना पांघरूण, वीज येताच ते दूर, हा नियम घरातल्या लहानथोरांना सांगून ठेवावा.

खोळंबा दोन दिवसांच्या पुढे जाणार असे दिसू लागले, तर बाहेरून थंडी आणण्याची तजवीज करावी लागते. बर्फाच्या कारखान्यातली लादी मिळाली तर ती फोडून जाड पिशव्यांत बांधावी आणि साठ्याच्या वर ठेवावी, खाली नव्हे. शहरांत क्वचित कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायॉक्साइड, मिळतो. त्याचे तापमान उणे ७८ अंशांच्याही खाली असल्याने तो उघड्या हाताने धरू नये, आणि त्याचा वायू होऊन खोलीतला प्राणवायू विरळ होत असल्याने खिडक्या उघड्या ठेवल्यावाचून तो घरात आणू नये. गावात एखाद्याकडे जनरेटर असेल तर दिवसातून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास फ्रीझर चालवला तरी पुष्कळ काम भागते. अखंड चालवण्याची गरज नसते. घरातल्या दिवे-पंख्यांच्या इन्व्हर्टरवर मात्र फ्रीझर जोडण्यापूर्वी जाणकार वायरमनला विचारावे, कारण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो आणि लहान इन्व्हर्टरला तो झेपत नाही.

आता सर्वांत नाजूक प्रश्न : कोणते अन्न ठेवावे आणि कोणते टाकावे. येथे आपल्या घरांतील जुनी सवय आपल्याला दगा देते, कारण पिढ्यान्‌पिढ्या आपण नाक आणि जीभ यांच्याच साक्षीवर निवाडा करीत आलो आहोत. दुर्गंध निर्माण करणारे जंतू आणि आजार निर्माण करणारे जंतू हे पुष्कळदा निराळे असतात. आणि गोठवल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, ते केवळ निष्क्रिय होऊन पडून राहतात व ऊब मिळताच पुन्हा वाढू लागतात. म्हणून निवाडा करावा तो तापमान आणि वेळ यांवर. ज्या पदार्थात बर्फाचे कण अजून हाताला लागतात, अथवा जो तापमापकाप्रमाणे ४ अंश सेल्सियसच्या वर गेलेला नाही, तो शिजवून खाण्यास किंवा पुन्हा गोठवण्यास हरकत नाही. जे मांस, मासळी, दुधाचे पदार्थ किंवा शिजवलेले अन्न ४ अंशांच्या वर दोन तासांहून अधिक राहिले, ते टाकून द्यावे, मग ते दिसायला कितीही ताजे असो.

‘चांगले उकळून घेऊ, म्हणजे झाले’ हा युक्तिवाद कोकणात विशेषतः बांगड्याच्या बाबतीत फसवा ठरतो. बांगडा, कुपा, सुरमई या कुळातल्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य विपुल असते. मासा उबेला राहिला, की जंतू त्याचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात, आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवल्याने, तळल्याने किंवा पुन्हा गोठवल्याने नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके ठणकणे, पोटात कळा येणे असा त्रास होतो, आणि पुष्कळ जण ‘मला मासळी बाधते’ असे समजून मोकळे होतात. वस्तुतः बाधलेली असते ती मासळीची आबाळ. काही जंतूंची विषेही अशीच उकळण्याला दाद देत नाहीत. घरात लहान मुले, गरोदर स्त्री किंवा वृद्ध माणसे असतील तर या बाबतीत काडीचीही हयगय करू नये. चारशे-पाचशे रुपयांची सुरमई टाकताना जिवावर येते हे मी जाणतो, परंतु आपल्याकडच्या गृहिणी अन्न वाया जाऊ नये या भावनेने असे संशयित पदार्थ इतरांना न वाढता स्वतःच खाऊन संपवतात, आणि ही गोष्ट मला अत्यंत अनुचित वाटते.

फळे व भाज्या यांच्या बाबतीत मोकळीक थोडी अधिक आहे. वितळलेले मटार, खोबरे वा आमरस थंडगार असेपर्यंत पुन्हा गोठवता येतात. रस आंबूस झाला वा डब्याचे झाकण फुगले, तर तो किण्वनाने बिघडला असे समजावे. पुन्हा गोठवलेल्या पदार्थाचा पोत मात्र पहिल्यासारखा राहत नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लॅब्राडॉरच्या कडाक्याच्या थंडीत क्लॅरेन्स बर्ड्‌सआय या अमेरिकन गृहस्थाच्या लक्षात आले, की तिथले मूळ रहिवासी पकडलेली मासळी त्या वाऱ्यात तत्काळ गोठवतात आणि महिन्यांनी वितळवल्यावरही ती ताजीच लागते. त्याचे कारण असे, की झटपट गोठण्यात बर्फाचे स्फटिक सूक्ष्म राहतात, आणि सावकाश गोठण्यात ते मोठे होऊन पेशींच्या भिंती फाडतात. आपला घरगुती फ्रीझर मुळातच सावकाश गोठवतो. त्यात अर्धवट वितळलेली कोलंबी दुसऱ्यांदा गोठवली, तर तिच्यातला रस गळून ती चामट होणारच. अशी कोलंबी पुन्हा गोठवत बसण्यापेक्षा त्याच दिवशी कालवणात घालावी.

आपण घरी नसताना वीज किती काळ गेली होती हे कसे ओळखावे? पेल्यातल्या बर्फावर नाणे ठेवण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते : परत आल्यावर नाणे तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले. या युक्तीत दोष असा, की पेला जिथे ठेवला तिथलीच हकीकत ती सांगते, शिवाय नाणे वरच राहिले म्हणून अन्न मऊ पडलेच नाही असे सिद्ध होत नाही. त्यापेक्षा पारदर्शक बाटली अर्धी भरून आडवी गोठवावी आणि मग उभी करून ठेवावी. बर्फाची पाटी एका कुशीला उभी चिकटलेली राहिली तर ठीक, ती वितळून तळाशी सपाट गोठलेली दिसली तर धोका, आणि तिची कड केवळ गोलावून तळाशी थोडे साचले असेल तर मधली अवस्था, इतका तपशील बाटली देते. हिच्यात किंचित मीठ घातले तर ती अन्नाच्या अधिक जवळची साक्ष देईल. बाटली साठ्याच्या वरच्या थरात ठेवावी, कारण आडव्या पेटीत सर्वांत आधी ऊब लागते ती तिथे.

वीज परत येण्याचा क्षण आनंदाचा असला, तरी यंत्राच्या दृष्टीने तोच सर्वांत जोखमीचा. वादळात न्यूट्रल तार तुटली असेल, तर घरातल्या २३० व्होल्टच्या जागी त्याहून फार मोठा दाब येऊ शकतो. उलट सारे गाव एकदम जोडले गेल्याने दाब इतका खालीही उतरतो, की कॉम्प्रेसर गुरगुरतो पण फिरत नाही. म्हणून वीज गेली, की फ्रीझराचा प्लग काढून ठेवावा, आणि वीज आल्यावर दिव्यांचा प्रकाश स्थिर झाला आहे याची खात्री करून पाच-दहा मिनिटांनीच तो लावावा. या थांबण्याला आणखी एक कारण आहे. यंत्र चालू असताना नळ्यांच्या एका बाजूला वायूचा दाब जास्त व दुसऱ्या बाजूला कमी असतो. बंद पडल्यावर तो बारीक केशनळीतून हळूहळू समान होतो, आणि त्यास तीन ते पाच मिनिटे लागतात. तत्पूर्वी यंत्र सुरू करू पाहिल्यास मोटर दाबाविरुद्ध अडकते, तापते, आणि ‘टक’ असा आवाज करून संरक्षक स्विच तिला तोडतो. उशिराने जोडणी करणारा स्टॅबिलायझर हेच थांबण्याचे काम आपल्या वतीने करतो. गावाकडच्या घरी तो असलाच पाहिजे असे माझे मत आहे.

पुराची गोष्ट निराळी. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये पाणी शिरले, तसे ते घरात शिरले तर हलका साठा असलेला फ्रीझर पाण्यावर तरंगतो आणि कलंडतो. पुराचे पाणी लागलेले घरी बांधलेले अन्न, पिशवी कितीही घट्ट असली तरी, ठेवू नये. आणि बुडालेले यंत्र वाळले असे वाटले तरी तंत्रज्ञाने तपासल्यावाचून त्याची वीज जोडू नये.

बिऱ्हाड हलवण्याच्या वेळी आपत्ती अचानक येत नाही. बदलीचा हुकूम आणि नव्या जागी रुजू होण्याची तारीख यांमध्ये थोडीतरी मुदत असते, आणि तिचा सदुपयोग करावा. निघण्यापूर्वी तीन-चार आठवडे नवे काही न गोठवता साठा संपवीत आणावा. उरलेले थर्माकोलच्या खोक्यात गोठलेल्या बाटल्यांसह घट्ट भरून, फटींत वर्तमानपत्र कोंबून, फीत लावून बंद केले, तर एका रात्रीचा प्रवास बहुधा निभावतो; त्याहून दूर जायचे असल्यास शेजाऱ्यांना वाटून टाकणे श्रेयस्कर. आदल्या दिवशी प्लग काढून हिम आपोआप वितळू द्यावे. सुरीने वा पेचकसाने हिम खरवडू नये : आतल्या नळीला एक टोचा लागला, की सारा वायू निघून जातो, आणि नव्या यंत्रांतला आयसोब्युटेन हा वायू स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला, ज्वालाग्राही आहे. हिम निघाल्यावर पेटी पुसून पूर्ण कोरडी करावी. ओलसर पेटी पावसाळ्यात दोन दिवस मिटून राहिली, तरी तिच्या रबराच्या घड्यांत काळी बुरशी धरते आणि तिचा वास महिनोन्‌महिने जात नाही. काही काळ ती बंदच ठेवायची असेल, तर झाकणात लाकडाचा तुकडा अडकवून फट राखावी. मात्र घरात लहान मुले असतील तर झाकण सर्वस्वी काढून ठेवण्याचाही विचार करावा, कारण अशा पेटीत मूल अडकण्याचा धोका खरा असतो.

टेम्पोत चढवताना हमालांना एक गोष्ट निक्षून सांगावी, ती म्हणजे पेटी उभीच राहिली पाहिजे. कॉम्प्रेसरच्या तळाशी वंगणाचे तेल असते आणि आतला पंप स्प्रिंगांवर टांगलेला असतो. पेटी आडवी केली, की तेल नळ्यांत शिरते, आणि तशाच स्थितीत यंत्र चालू केले तर दाबल्याने न आकसणारे ते तेल झडपा मोडू शकते, किंवा केशनळीत अडकून थंडी होणेच बंद पडते. जिन्याच्या वळणावर थोडे कलते करावे लागले तर हरकत नाही, पण ४५ अंशांपलीकडे नको. नाइलाजाने आडवे न्यावे लागलेच, तर नव्या घरी उभे करून पूर्ण एक दिवस तसेच ठेवावे. उभ्याने आणलेल्या पेटीलाही दोन-चार तासांची विश्रांती द्यावी. उचलताना आधार तळाच्या चौकटीला द्यावा. पाठीमागची जाळी किंवा नळी ही मूठ नव्हे, आणि वायूगळतीच्या कित्येक तक्रारींचे मूळ तिथे पडलेल्या हातात असते.

नव्या जागी फरशी समतल पाहून, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, अर्थिंग असलेल्या स्वतंत्र सॉकेटवर जोडणी करावी. लांब एक्स्टेंशनच्या वायरीवर फ्रीझर चालवू नये. पहिले काही तास तो रिकामाच चालवावा, तापमापक उणे १८ अंश दाखवू लागला म्हणजे प्रथम पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात, आणि त्या टणक झाल्यावर अन्न भरण्यास आरंभ करावा, तेही थोडेथोडे : पेटीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाहून अधिक ताजे अन्न एका दिवसात घातल्यास आतले तापमान चढते, मधल्या पिशव्या दोन-दोन दिवस गोठत नाहीत, आणि बाहेरून कडक लागणाऱ्या थराच्या आत मऊ राहिलेली मासळी तेवढ्या अवधीत बिघडू लागते.